म्हातारीचा घास

त्या घरात माणसं दोन होती आणि खाणारी तोंडं तीन. नवरा, बायको आणि म्हातारी. म्हातारी सगळ्यांच्या आधी जेवायची, सगळ्यांपेक्षा जास्त जेवायची, आणि कितीही वाढलं तरी पुरे म्हणायची नाही. गंमत अशी की ती ना कुणाची आई होती, ना कुणाची सासू. म्हातारी म्हणजे बँकेतलं एक खातं.

त्याचं असं झालं. लग्नाला बरीच वर्षं होऊनही या दोघांना मूल नव्हतं. झालं नाही म्हणून नको म्हणाले, की नको म्हणाले म्हणून झालं नाही, हे नातेवाइकांना कधी कळलं नाही आणि या दोघांनी कळू दिलं नाही. एकदा कुणाच्या तरी घरी सगळे जमलेले असताना तिच्या मावशीनं भर जेवणात विचारलं, "आत्ता हातपाय चालतायत तोवर ठीक आहे गं. पण म्हातारपणी तुमचं कोण बघणार?" टेबलावर चमचे वाजायचे थांबले. नवरा म्हणाला, "आमचं आम्हीच बघू, मावशी. चष्मा लावून बघू." सगळे हसले, मावशीही हसली. घरी परतताना मात्र दोघांनी म्हातारपणाचा हिशेब मांडला.

त्याच आठवड्यात त्यांनी म्हातारपणासाठी वेगळं खातं उघडलं. पगार झाला की आधी त्यात पैसे टाकायचे आणि उरेल त्यात महिना काढायचा, असं ठरलं. फोनवर खात्याला नाव द्यायची सोय होती. लोक 'घर' लिहितात, 'गाडी' लिहितात. नवऱ्यानं लिहिलं, 'म्हातारी'.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक होता. उंच इमारतींच्या गच्चीवर लिफ्टच्या यंत्राची एक खोली असते. त्याचा सगळा दिवस अशा खोल्यांमध्ये जायचा, वंगणात माखलेला आणि एकटा. दिवसभर एकटा राहणारा माणूस एकतर घुम्या होतो, नाहीतर नकलाकार. हा नकलाकार झाला. त्यानं म्हातारीला आवाज दिला. पगाराच्या दिवशी डोक्यावर टॉवेल घ्यायचा, पाठीत वाकायचा, तोंड एका बाजूला वाकडं करायचा, उजवा हात लटलट कापवायचा आणि फाटक्या, चिरक्या आवाजात म्हणायचा, "सूनबाई, माझा घास कुठाय गं?" ती हसून हसून बेजार व्हायची. मग फोन उघडून पैसे भरायची आणि म्हणायची, "घ्या सासूबाई, गिळा."

ती स्वतः कवळ्या करायची. दातांच्या लॅबमध्ये डॉक्टरांकडून तोंडांचे साचे यायचे. त्यावर मेणात एकेक दात बसवायचा, डॉक्टरनं आखून दिलेली चेहऱ्याची मधली रेघ सांभाळायची, दोन्ही बाजू सारख्या ठेवायच्या, असं तिचं काम. तोंड केसभर तिरकं झालं तरी तिला कळायचं. रस्त्यानं जाणाऱ्या माणसांच्या ओठांचे कोपरेसुद्धा ती नकळत जोखायची आणि नवरा तिला चिडवायचा, "लोकांच्या तोंडाकडे बघत चालू नकोस, एखादा तोंडात मारेल."

लॅबमध्ये एकदा एक म्हातारा साबणाच्या डबीत मोडकी कवळी घेऊन आला. दोन तुकडे त्यानं चपलांच्या गोंदानं चिकटवले होते, कारण नवी परवडत नव्हती. तिनं विचारलं, "घरी कोण असतं आजोबा?" तो म्हणाला, "आम्ही दोघं. मी आणि ही." आणि त्यानं डबी वाजवून दाखवली. लॅबचा मालक खो खो हसला. तो नेहमी म्हणायचा, दात आहेत तोवर चणे खाऊन घ्या, पुढे चणे असतात आणि दात नसतात. तिला हसू आलं नाही. पुढे दातही नसले आणि चणेही नसले म्हणजे काय, हा तिचा प्रश्न होता. त्या महिन्यापासून म्हातारीचा घास मोठा झाला.

घास मोठा झाला तसं घर आकसलं. गीझर बिघडला, तो बिघडलेलाच राहिला. पाणी गॅसवर तापायला लागलं. सोफ्याचा एक पाय गेला, तिथे जुन्या फरशीचे तुकडे आले. समुद्रावर जायचं दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी म्हातारी चिरक्या आवाजात म्हणायची, "समुद्र कुठे पळून जातोय का गं?" दोघं हसायची आणि घरी बसायची. पण भांडण म्हणाल तर कधी नाही. भांडायला म्हातारी होती ना! नको म्हणायचं तर तिच्या तोंडून, हवं म्हणायचं तर तिच्या तोंडून. पैशावरून आमच्यात कधी आवाज चढला नाही, असं ती मैत्रिणींना अभिमानानं सांगायची. मला विचाराल तर नवरा-बायकोनं पैशावरून अधूनमधून भांडावं, चांगली भांडी आपटून भांडावं. निदान ज्याचा त्याचा आवाज ज्याच्या त्याच्यापाशी राहतो.

सुरुवातीला म्हातारी त्याची होती. हळूहळू ती हिची झाली. एकदा त्याच्या मित्राच्या लग्नात जरा बरा आहेर करायचा म्हणून त्यानं म्हातारीतून थोडे काढू या म्हटलं, तेव्हा ती पटकन बोलून गेली, "म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो." खात्याचंच नाव म्हातारी! म्हण अशी चपखल बसली की नवऱ्याच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. पैसे काही निघाले नाहीत. पुढे त्यानं काहीही मागायला तोंड उघडलं की ती नुसतं "काळ..." म्हणायची आणि तो हात जोडून "सोकावतो" म्हणून गप्प बसायचा.

तिला धास्ती होती ती फक्त दिराची. धाकट्या दिराचं छपाईचं लहानसं दुकान होतं. त्याला नवं मशीन घ्यायचं होतं आणि ही गोष्ट तो कुणापासून लपवत नसे. आला की मशीनचे फोटो दाखवायचा. "वहिनी, हे बघा, एका दमात दोन्ही बाजू छापतं." ती म्हणायची, "छान आहे. भावाला दाखवू नका, त्याला उगाच झोप लागायची नाही."

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी तो आला. दोघं भाऊ गॅलरीत चहा घेत बसले होते, ती आत भाजी चिरत होती. एकाएकी कप फुटल्याचा आवाज आला. मग कुजबुज सुरू झाली, आणि मग नवऱ्याचा आवाज: "हिला सांगू नकोस एवढ्यात. मी बोलतो." तिच्या मनात पाल चुकचुकली. ती झाडू घेऊन बाहेर गेली तर दोघं गप्प. "हातातून निसटला," नवरा म्हणाला. तिनं काचा भरल्या. कप फुटला तर माणसं हळहळतात, कुजबुजत नाहीत, एवढं तिला कळत होतं.

पुढचा पगार झाला. संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी फोन घेऊन बसली. नवरा टॉवेल डोक्यावर घेऊन आला. आज तो पाठीत वाकला नाही. नुसता खुर्चीत बसला.

"सूनबाई," तो चिरक्या आवाजात म्हणाला, "आज घास नको गं."

"का हो सासूबाई, अजीर्ण झालं?"

"हात झोपतो गं माझा. हा उजवा. मधेच झोपतो, मधेच जागा होतो. मोठ्या डॉक्टरकडे ने मला. थोडे मोड माझ्यातले."

ती हसली. आज त्यानं तोंड काय झकास वाकडं केलं होतं! एरवी ओढूनताणून करायचा, आज उजवा कोपरा आपसूक खाली आला होता. चेहऱ्याची मधली रेघच सरकल्यासारखी दिसत होती. तिच्या धंद्यातल्या नजरेनं ते बरोबर टिपलं आणि तिनं टाळी वाजवून दाद दिली. "वा! आज तर अगदी खरीखुरी म्हातारी!"

पण 'थोडे मोड' हे शब्द तिच्या मनात अडकले. म्हणजे इथून सुरुवात होती तर. आधी म्हातारीला आजारी पाडायचं आणि मग तिच्या औषधाच्या नावावर भावाचं मशीन आणायचं.

"तुला काय धाड भरलीय म्हातारे?" ती म्हणाली. "तू आम्हा दोघांना पोचवशील आणि मग जाशील." आणि त्याच्यासमोर बोट दाबून तिनं महिन्याचे पैसे भरून टाकले.

मग त्यानं डाव्या हातानं टॉवेल काढला. तोंड अजून तसंच होतं. "पुरे की आता," ती म्हणाली. तो गाल चोळत बेसिनकडे गेला, बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिला. परत आला तेव्हा तोंड जागेवर होतं आणि तिच्या मनातून ती गोष्ट गेलीही.

साध्या आवाजात सांगायला त्याला काय झालं होतं, असं कुणीही विचारेल. पण त्या घरात पैसे मागायला साधा आवाज उरलाच नव्हता. शिवाय तो घाबरला होता. घाबरलेला माणूस थट्टेच्या आडून बोलतो, आणि समोरचं माणूस हसलं की त्याला मनातून बरंच वाटतं. ती हसतेय म्हणजे आपल्याला काही झालेलं नाही, असं त्याला थोडा वेळ वाटलं असणार.

काही दिवसांनी ती लॅबमध्ये मेण तापवत असताना बँकेचा निरोप आला. म्हातारीतून पैसे काढले होते. रक्कम मोठी नव्हती, एखादा बेताचा गीझर आला असता. तरीही तिच्या पायाखालची वाळू सरकली. इतक्या वर्षांत म्हातारीला पहिल्यांदाच हात लागला होता, आणि तोही तिच्या नकळत.

"काय झालं?" मालकानं विचारलं. "घरी कुणी आजारी आहे का?"

"नाही हो," ती म्हणाली. "घरी सगळे ठणठणीत."

त्या संध्याकाळी नवऱ्यानं दार उघडलं तर ती डोक्यावर टॉवेल घेऊन खुर्चीत बसली होती. "माझ्या ताटातला घास कुणी पळवला रे?" ती म्हणाली. तिला नक्कल येत नव्हती. आवाज नुसताच कडू आला.

तो दारातच थांबला. "मी घेतले," तो साध्या आवाजात म्हणाला. "काम होतं. अगं, ऐक ना, मला तुला जरा..."

"म्हातारी मेल्याचं दुःख नाही!" ती टॉवेलच्या आतून म्हणाली.

"टॉवेल काढ ना जरा."

"काळ सोकावतो! आधी शब्द दे, पुन्हा हात लावणार नाहीस."

तो तिच्याकडे, म्हणजे टॉवेलकडे, बघत उभा राहिला. मग अर्धवट हसला. "चुकलं, आई," असं म्हणाला आणि बूट काढायला खाली बसला. नाडी सोडायला त्याला फार वेळ लागला. नजर चुकवतोय, असं तिला वाटलं.

रात्रभर ती मनातल्या मनात दिराशी भांडली. सकाळी नवरा निघताना काहीतरी बोलणार होता, पण तिनं मुद्दाम नळ मोठा सोडला.

दुपारी लॅबमध्ये एका बाईची वरची कवळी तिच्या हातात होती. समोरचे दात मेणात बसवत होती. मेण गरम असतं तोवरच दात सरकतो, त्या वेळी हात थांबवून चालत नाही. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. तिनं तो खांद्यानं कानाशी धरला.

"सू..." पलीकडून आवाज आला. "सू... न..."

आवाज फाटका, चिरका, जाड. म्हातारीचा. तिच्या मस्तकात तिडीक गेली. काल ताटातला घास पळवला आणि आज लाडीगोडी!

"सू... न..."

"सोंग पुरे झालं," ती म्हणाली. "मला इथे मरणाचं काम आहे. आपल्या आवाजात बोलायचं असेल तेव्हा फोन कर."

पलीकडे श्वासाचा आवाज होता. मग पुन्हा तेच, "सू... न...", आणि तिनं फोन ठेवला.

तिनं दात बसवले. मेण थंड होऊ दिलं. मधली रेघ दोनदा तपासली. मालकानं सगळ्यांसाठी चहा मागवला होता, तो प्याली. फोन पुन्हा वाजला नाही, म्हणून तिला आणखीच राग आला. शेवटी कप ठेवून ती जिन्यात गेली आणि दिराला फोन लावला. मनात रात्रभर घोकलेलं सगळं तिनं एका दमात बोलून टाकलं. भावाच्या म्हातारपणावर डोळा ठेवताना लाज कशी वाटली नाही, इथपर्यंत.

दीर बिचारा गडबडून गेला. "वहिनी, मी एक छदामही घेतलेला नाही. कसले पैसे? दादानं तुम्हाला सांगितलं नाही?"

"काय सांगितलं नाही?"

"त्या दिवशी कप पडला ना, तेव्हा त्याचा हात गेला होता. मीच त्याला बळजबरीनं डॉक्टरकडे पाठवलं. काल फी भरून दाखवून आला. ते म्हणाले, डोक्याची तपासणी लगेच करा, थांबू नका. महाग असते ती, म्हणून तो म्हणाला, हिच्याशी बोलतो, आता म्हातारीच मोडावी लागेल." तो जरा थांबला. "म्हातारी कोण हो, वहिनी?"

"ते राहू दे. त्याच्या हाताला काय होतंय?" तिनं विचारलं.

"हात सुन्न पडतो म्हणत होता," दीर म्हणाला. "पार सुन्न."

जिन्याचा कठडा तिनं घट्ट धरला. सू... न... तो सूनबाई म्हणत नव्हता. तो सुन्न म्हणत होता. सुन्न, सुन्न, सुन्न. तीनदा म्हणाला होता आणि तिनं त्याला आपल्या आवाजात बोल म्हणून सांगितलं होतं. तो आपल्याच आवाजात बोलत होता.

तिनं फोन लावला. तो वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. मग त्याच्या कंपनीत लावला. तिथली मुलगी म्हणाली, आज त्याची दोन ठिकाणं आहेत, आधी कुठल्या इमारतीत गेला ते बघून सांगते. पहिल्या इमारतीचा राखणदार गच्चीवर जाऊन आला आणि म्हणाला, इथलं काम सकाळीच उरकून गेले. दुसऱ्या इमारतीची लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती, तिथला राखणदार जिन्यानं वर गेला. ती फोन कानाला लावून त्याची पावलं ऐकत होती. त्या पावलांना मजलेच्या मजले होते. शेवटी दार वाजलं आणि राखणदार ओरडला.

यंत्राला पाठ टेकून तो खाली बसला होता. फोन डाव्या हातात होता.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या आणि फार चांगल्या बोलत होत्या. त्या चांगलेपणाचीच तिला भीती वाटली. "अशा झटक्यावर एक इंजेक्शन असतं," त्या म्हणाल्या. "पण त्याची वेळ ठरलेली असते. थोडं आधी आणायला हवं होतं. याआधी कधी हात सुन्न होणं, तोंड वाकडं होणं, असं काही झालं होतं का? घरी कुणाला बोलले होते का ते?"

"बोलला होता," ती म्हणाली.

"मग?"

"मी हसले."

डॉक्टरीणबाईंनी खाली बघितलं. दीर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग तिनं विचारलं, "पुन्हा होतं का असं?"

"एकदा झालं की धोका राहतो. सुरुवातीचे काही महिने जपायला हवं." ती मान हलवत राहिली. काळ सोकावतो, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं, आणि ते तिच्याच आवाजात होतं.

म्हातारी मोडायला एक बोट पुरलं. इतक्या वर्षांचे घास, गीझर, समुद्र, सोफ्याचा पाय, सगळं हॉस्पिटलच्या खिडकीत भराभर गेलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. पैसे होते म्हणून निभावलं, असं सगळे म्हणाले, आणि ते खरंच होतं. त्याला घरी आणलं तेव्हा दिरानं पाठीवर घेऊन जिना चढवला. नवा गीझर आला, कारण त्याला कोमट पाण्यानं पुसायचं असे. त्याच्या देखरेखीला आणि घरकामाला दिवसभराची एक बाई ठेवली. मावशी भेटायला आली, बराच वेळ बसली, पण म्हातारपणी कोण बघणार हे तिनं या खेपेला विचारलं नाही. म्हातारपण तिच्यासमोरच पलंगावर पडलेलं होतं. अजून त्याचे केसही पिकले नव्हते.

बोलणं परत यावं म्हणून व्यायाम शिकवायला एक मुलगी येई. एक दिवस त्याला पहिल्यांदा आवाज फुटला. तो असा आला की ती हातातलं पातेलं टाकून दारात येऊन उभी राहिली. फाटका, चिरका, तोंडाच्या एका बाजूनं येणारा. हुबेहूब. कामाची बाई हसत म्हणाली, "साहेबांना अगदी आजीबाईंचा आवाज आलाय, नाही?" बायको तशीच स्वयंपाकघरात परतली आणि कांदा चिरत नव्हती तरी डोळे पुसत राहिली.

शब्द एकच यायचा, तोही अर्धा. "सू... न..." इतकाच. पुढचं ओठांत राहायचं. सूनबाई की सुन्न, हे कळायला काही मार्ग नव्हता. पहिल्या आठवड्यात तिनं त्यावरून दोनदा डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, उजवी बाजू तर सुन्न असणारच, तुम्ही डावीकडे लक्ष ठेवा. तेव्हापासून तो 'सू' म्हणाला की ती धावत येऊन त्याचा डावा हात हातात घ्यायची. तो तिची बोटं दाबायचा. घट्ट दाबायचा. कधी कधी त्याच्या डोळ्यांत खट्याळपणा दिसल्यासारखा वाटायचा आणि मग ती त्या हातावर कपाळ टेकून म्हणायची, "बोल. कुठल्याही आवाजात बोल. मी ऐकतेय."

तिचा पगार झाला तो दिवस उजाडला. फोनवर निरोप आला, पण ती म्हातारीपाशी गेली नाही. मऊ भात कालवून तिनं वाटी पलंगापाशी आणली, त्याच्या पाठीशी उशा लावल्या आणि हनुवटीखाली टॉवेल खोचला. टॉवेल तोच होता. तिच्या ते लक्षात आलं, त्याच्याही आलं. त्याचा डावा हात हळूहळू वर आला, त्यानं टॉवेलचं टोक चिमटीत धरलं आणि तो डोक्याकडे न्यायला लागला.

"नको ना रे," ती म्हणाली. पण ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसली.

"सू..." तो म्हणाला.

"हो, सासूबाई. आधी तुमचाच घास." तिनं चमचा पुढे केला.

"सू... न..."

तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. आणि तिला दिसलं की तोंड सरळ झालं होतं. इतके दिवस खाली ओघळलेला उजवा कोपरा आणि डावा कोपरा, दोन्ही एका पातळीत होते. मधली रेघ बरोबर जागेवर आली होती, तिनं स्वतः मेणात बसवल्यासारखी. व्यायामाचा गुण आला! तिला इतका आनंद झाला की चमचा तसाच धरून ती दाराकडे वळली, कामाच्या बाईला हाक मारायला, बघ बघ म्हणून सांगायला.

तेवढ्यात मागे काहीतरी मऊ पडल्याचा आवाज झाला. ती वळली. डाव्या हातातून टॉवेल गळून खाली पडला होता, आणि हातही त्याच्यामागून खाली येत होता. तोंडाचा उजवा कोपरा वर आलाच नव्हता; डावा खाली उतरला होता.